२१४ चं शून्य झालं त्या दिवसापासून

नाव आणि कंपनी देणार नाही. त्यांना इथे भाऊ म्हणते. नागपुरात ऑटोवाल्यापासून आमदारापर्यंत सगळेच भाऊ असल्यामुळे ओळख फुटायची भीती नाही. वय ३७, मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी, वर्धा रोडच्या बाजूला फ्लॅट, बायको शिक्षिका, मुलगी तिसरीत. मी तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. भाऊ आमच्याकडे पहिल्यांदा आले ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, मी सोडली होती. सात महिने सोडली होती. आता दोन्ही चालू आहे."

दोन्ही म्हणजे सिगारेट आणि वेप. वेप म्हणजे ई-सिगारेट, निकोटिनचा रस तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र.

मागची हकीकत अशी. भाऊ इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून सिगारेट ओढत. मधे कंपनीने दोन वर्षं इंग्लंडला पाठवलं. तेव्हा रोजच्या १४ सिगारेटी होत्या. तिथले सहकारी वेप वापरत. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट सोडायचं एक साधन म्हणून वेपकडे पाहते, त्यामुळे भाऊंनाही ते उजळ माथ्याने करण्यासारखं वाटलं. मार्चच्या मध्यावर एका दिवशी सिगारेट बंद, वेप सुरू. फोनवर एक अ‍ॅप घेतलं, त्यात हिरव्या वर्तुळात दिवस मोजले जायचे. जुलैत नागपूरला परतले तेव्हा वर्तुळात १२० होते आणि बॅगेत वेपच्या रसाच्या १० मिलीच्या १२ बाटल्या.

इथे कायद्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. विक्री किंवा आयातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बॅगेत बाटल्या आणल्या तेव्हा भाऊंना हे ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, पण तोवर सवय बाटलीवर बेतलेली होती. आमच्यासारख्यांनी "सिगारेटीऐवजी वेप ओढा" असं सांगायचा प्रश्नच येत नाही, आणि मी ते सांगितलंही नाही. पण वेप ओढत असलेला माणूस समोर आला तर त्याला दारातून परत पाठवायचं का? आमच्याकडे दारू पिऊन आलेल्यालाही परत पाठवत नाहीत.

बाटल्या सप्टेंबरात संपल्या. मग कुणीतरी कुणाकडून आणून देणारं एक साखळीतलं माणूस भेटलं आणि वापरून फेकायचे वेप सुरू झाले. इथे भाऊंकडून एक चूक झाली. ती मला त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत सुचली नसती.

"मॅडम, तिकडे वीस होतं. इथलं पाचच आहे. मला वाटलं, चला, आपोआपच कमी होऊन राहिलं."

ब्रिटनमध्ये रसातल्या निकोटिनला मिलीलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि बाटलीवर तो २० चा आकडा छापलेला असतो. इथे मिळालेल्या वेपवर छापलं होतं ५ टक्के. ५ टक्के म्हणजे मिलीलिटरमागे ५० मिलिग्रॅम. भाऊंना वाटत होतं आपण चौथाईवर आलो. प्रत्यक्षात अडीचपट तेज माल ओढत होते. दिवसभर आकड्यांत काम करणारा माणूस, पण एककाकडे बघायचं राहून गेलं. मी कागदावर दोन्ही आकडे एकाखाली एक मांडून दाखवले तेव्हा बराच वेळ बोलले नाहीत. रात्री पाणी प्यायला उठलं की उशीखालचा वेप काढून दोन कश घ्यायला लागलो होतो, हे त्यानंतर सांगितलं.

घाटावर

ऑक्टोबरच्या मध्यावर भाऊंचे मोठे काका गेले. अ‍ॅपमध्ये त्या दिवशी २१४ होते.

घाटावर किती वेळ जातो हे आपल्याला माहीत आहे. लाकडं येतात, कोणीतरी अजून यायचं असतं, बायका घरी आणि पुरुष झाडाखाली गटागटाने. भाऊंच्या खिशात वेप होता, भरलेला होता. पण काढणार कसा? "काकांची चिता रचून राहिले अन् मी तिथे आंब्याच्या वासाचा धूर काढू? त्यात तो निळा लाइट लागते." चुलतभावाने सिगारेटचं पाकीट पुढे केलं. घाटावर सिगारेट ओढणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. भाऊंनी एक घेतली, अर्धी ओढली आणि टाकली. चव आवडलीही नाही.

घरी आले, आंघोळ केली, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे अ‍ॅपमध्ये नोंद केली. हिरवं वर्तुळ रिकामं झालं. मधोमध शून्य.

संध्याकाळी खाली उतरून दहाचं पाकीट आणलं. "आता झिरोच आहे तर आज काय अन् उद्या काय." रात्रीपर्यंत सहा ओढल्या. दिवाळी होईपर्यंत दिवसाला सात-आठवर आले आणि वेप तसाच चालू राहिला.

अर्धी सिगारेट आणि सात-आठ सिगारेटी यांच्यामधे काय घडलं ते पाहायला हवं. निकोटिनची तलफ हे उत्तर इथे बसत नाही, खिशात भरलेला वेप होता. ॲलन मार्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीच्या अभ्यासात घसरणे आणि पुन्हा लागणे या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. पहिल्या चुकीनंतर माणूस ती चूक कशी वाचतो यावर पुढचं बरंचसं ठरतं, असं त्यांचं म्हणणं. 'त्या जागी, त्या वेळी सापडलो' असं वाचलं तर दुसऱ्या दिवशी गाडी रुळावर येते. 'मी आहेच असा' असं वाचलं की पाकीट येतं. भाऊंच्या बाबतीत ते वाचन अ‍ॅपनेच करून दिलं होतं. २१४ दिवसांत एका अर्ध्या सिगारेटीचा हिशेब २१३ व अर्धा असाही मांडता आला असता. यंत्राने शून्य मांडलं.

वही

पहिल्या भेटीत फुंकर-यंत्रावर भाऊंचा आकडा आला १७. हे यंत्र श्वासातला कार्बन मोनॉक्साइड वायू पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असा, मोजतं. न ओढणाऱ्याचा आकडा साधारण पाचसहाच्या आत राहतो. हा वायू जळण्यातून येतो. वेपमध्ये काही जळत नाही, रस तापून वाफ होते, म्हणून नुसता वेप ओढणाऱ्याचा आकडा न ओढणाऱ्यासारखाच दिसतो. यंत्राला फक्त सिगारेट दिसते, आणि तीही ताजीच. हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, त्यामुळे शनिवारी रात्रीची सिगारेट सोमवारी संध्याकाळी यंत्राला सापडत नाही. हे मला पाठ आहे. तरीही पुढे मी या यंत्रावर नको तितकी विसंबले, ते येईलच.

अ‍ॅप काढून टाकायला सांगितलं. त्याऐवजी मुलीची एक शंभर पानी वही. रकाने चार: वेळ, जागा, सोबत कोण, त्याआधी पाच मिनिटं काय चाललं होतं. नऊ दिवस काही सोडायचं नाही, फक्त लिहायचं. लोकांना हे फार अवघड जातं, कारण आल्याबरोबर काहीतरी सोडून दाखवायची घाई असते.

नऊ दिवसांत ६४ सिगारेटी. त्यातल्या निम्म्याहून जास्त दोनच जागी: ऑफिसच्या गेटाबाहेरचा चहाठेला आणि घराखालचं पार्किंग. पार्किंगमधली रोज एकच, पण एकही दिवस चुकलेली नाही. गाडी बंद केल्यावर आणि लिफ्टचं बटण दाबण्याआधी. 'त्याआधी काय' या रकान्यात नऊही दिवस एकच शब्द होता, 'काही नाही'. त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. ऑफिसचा माणूस आणि घरचा माणूस यांच्या मधली तेवढी एकच जागा त्यांची स्वतःची होती.

वेपचा रकाना मात्र कोरा. लिहायचा कंटाळा म्हणून नव्हे, लिहिता येईना म्हणून. सिगारेट दहाएक कशांत संपते, थोटूक उरतं, मोजता येतं. वेपला थोटूक नाही. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून दोन कश, संडासात तीन, सिग्नलवर एक. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभराने सिगारेट सुटलेल्यांचं प्रमाण वेपवाल्यांत १८ टक्के आणि गम-पॅचवाल्यांत (म्हणजे निकोटिनचा चघळायचा गम किंवा कातडीवर चिकटवायची पट्टी असे उपाय घेणाऱ्यांत) ९.९ टक्के निघालं, म्हणजे सिगारेट सोडवण्यात वेप सरस. पण ज्यांची सिगारेट सुटली त्या वेपवाल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते. गम-पॅचवाल्यांत उपाय चालू ठेवलेले फक्त ९ टक्के होते. वेपची बाजू घेणारे पहिले दोन आकडे सांगतात, विरोध करणारे पुढचे दोन. भाऊंच्या प्रकरणात चारही लागू होते.

तेव्हा वेपला थोटूक द्यायचं ठरलं. वेप उशीखाली नाही, खिशात नाही, फ्रिजवर ठेवायचा. ओढायचा तर गॅलरीत, उभं राहून, आणि आत येताना वहीत रेघ मारायची. ऑफिसला न्यायचा नाही. शिवाय एक वेप किती दिवस पुरला तेही लिहायचं, म्हणजे रेघा चुकल्या तरी तो आकडा चुकणार नाही. पहिला सहा दिवस पुरला होता.

सिगारेट सोडायची तारीख भाऊंनी स्वतः निवडली, संक्रांत. केंद्रातल्या डॉक्टरांनी निकोटिनचा गम दिला. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा, असा साधा हिशेब असतो. भाऊंना वीस मिनिटांत लागत होती. वेप आणखी कोणाकडून घ्यायचा नाही, जवळ आहेत ते संपतील तसा गम वाढवायचा, असं ठरलं.

घसरणी

संक्रांतीनंतर सहाव्या दिवशी पहिली. सावजीचं जेवण, सोबत बाटली, कॉलेजचे मित्र. दोन सिगारेटी. आमचं ठरलं होतं की घसरलं तर तासाभरात मला चार ओळी पाठवायच्या: कुठे, किती, कोणी दिली, पुढची टाळायला आत्ता काय करतो आहे. रात्री पावणेबाराला मेसेज आला. चौथी ओळ होती, 'गाडी ठेवून ऑटोने घरी चाललो, पार्किंगमध्ये उतरणारच नाही.' मला तो मेसेज वाचून बरं वाटलं.

दुसरी तेविसाव्या दिवशी. मुलीला ताप, रात्रभर दवाखाना, पहाटे बाहेरच्या ठेल्यावर एक. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० च्या सप्टेंबरपासून बंदी आहे, पण सुटी मिळते. पूर्ण पाकीट घ्यावं लागलं असतं तर घेतली नसती, असं भाऊ स्वतःच म्हणाले.

या वेळी मी एक गोष्ट सांगितली आणि ती अंगाशी आली. सिगारेट सोडण्यावरच्या संशोधनात एक मापदंड आहे, रसेल मापदंड, २००५ सालचा. त्यात सहा महिन्यांत पाचपर्यंत सिगारेटी झाल्या आणि शेवटची श्वासाची चाचणी स्वच्छ आली, तरी माणूस 'सोडलेला' धरतात. मला सांगायचं होतं की शास्त्रज्ञसुद्धा शून्य मांडत नाहीत. भाऊंनी बोटांवर मोजलं. "तीन झाल्या. म्हणजे दोन बाकी आहेत माझ्या." हसत म्हणाले, पण पुढच्या आठवड्यात एक 'वापरली'. जी गोष्ट मोजणाऱ्यासाठी आहे ती ओढणाऱ्याच्या हातात द्यायची नसते. मी तो मापदंड आता पेशंटला सांगत नाही.

गमचीही एक गंमत. फेब्रुवारीच्या शेवटी भाऊ तक्रार घेऊन आले, गम काही कामाचा नाही. कसा खाता, विचारलं. चहा झाला की लगेच टाकतो, चुइंगगमसारखा चावत राहतो. निकोटिनचा गम चार-सहा वेळा चावायचा, जीभ चुणचुणली की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं. गिळलं तर उचकी आणि जळजळ, फायदा थोडा. आणि तोंडात आंबट असेल तर ते शोषलंच जात नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, रस काही नको. हे ऐकून वहिनी हसायलाच लागल्या. त्यांचं माहेर काटोलकडचं, मृग बहाराच्या संत्र्यांची पेटी घरी आलेली, आणि भाऊ सिगारेटीची आठवण आली की आधी एक संत्रं सोलून खायचे, मग गम टाकायचे. पंधरा मिनिटांचं अंतर ठेवल्यावर त्याच गमने काम केलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा वेप संपला. सहा दिवस पुरणारा तो शेवटी अकरा दिवस पुरला होता. नवीन आणला नाही. पहिले चार दिवस चिडचिड, झोप उडाली, मुलीवर एकदा हात उगारला आणि त्याची नोंदही वहीत केली. मग हळूहळू उतरलं. मार्चच्या मध्यावर यंत्रावर आकडा ३. वही स्वच्छ. मी फाइलीत लिहिलं: 'उत्तम प्रगती.'

पन्नी

चार दिवसांनी वहिनींचा फोन. "ताई, सिगरेट तर नाही पित ते. पण पँटच्या खिशात पन्नी सापडून राहिली. मशीनमध्ये दोनदा निघाली."

नागपूरच्या माणसाला पन्नी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: बारीक सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत हातावर घोटून दिलेला खर्रा. चहाठेल्याच्या शेजारच्याच पानठेल्यावर. भाऊंनी कॉलेजात खाल्ला होता, मग सुटला होता. वेप संपल्यावर तिसऱ्या दिवशी गमची पट्टी घरी विसरली. ठेल्यावर उभे असताना मित्राने अर्धी पन्नी हातावर ठेवली. "मॅडम, चघळायचंच आहे तर गम काय अन् खर्रा काय, असं वाटलं." पंधरा दिवस रोज एक.

मला राग आला तो माझा. पहिल्या दिवशीच्या माझ्या अर्जात सिगारेट होती, वेप होता, दारू होती, खर्रा नव्हता. आयटीतला माणूस, इंग्लंडहून आलेला, म्हणून मी विचारलंच नाही. देशाच्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, २०१६-१७ च्या, ओढणारे १०.७ टक्के आणि धूर नसलेला तंबाखू घेणारे २१.४ टक्के, आणि हे केंद्र विदर्भात आहे. वहीतही रकाना मीच आखून दिला होता. भाऊ त्यांच्या हिशेबाने खोटं बोलले नव्हते. विचारलं ते सगळं त्यांनी भरलं होतं. आणि खर्ऱ्यात काही जळत नाही, तेव्हा यंत्र बिचारं ३ च दाखवणार.

ओढण्याच्या बाबतीत मी जितकी सबुरी धरली तितकी इथे धरली नाही. खर्ऱ्यात तंबाखूच्या जोडीला सुपारी असते, आणि सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते. तोंड उघडायचं कमी होतं, तिखट झोंबायला लागतं, पुढे कॅन्सरची जोखीम वाढते. भाऊंना तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. गेली. तर्री झोंबते का? थोडी झोंबते, म्हणाले, पण चुन्यामुळे असेल. तरी त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांना ताठरपणा आढळला नाही, गालाच्या आत चुन्याने सोललेलं होतं.

वहीत पाचवा रकाना आला, 'तोंडात काय'. गमची एक पट्टी गाडीत, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक बॅगेत. आणि चहाची जागा बदलली. हे शेवटचं सांगायला सोपं आहे. दहा वर्षांची मंडळी सोडून एकट्याने कँटीनमध्ये चहा पिणं भाऊंना वेप सोडण्यापेक्षा जड गेलं. शेवटी एका सहकाऱ्याला सोबत घेतलं. तो ओढत नाही, फक्त क्रिकेटवर बोलतो. भाऊंना क्रिकेट आवडत नाही.

एप्रिल ते जून या काळात खर्ऱ्याच्या दोन घसरणी, दोन्ही लग्नांत. सिगारेटीची एकही नाही. गम दिवसाला नऊवरून तीनवर.

जुलैच्या सुरुवातीला मोठी काकू गेल्या. तोच घाट, तेच चुलतभाऊ. या वेळी निघण्याआधी भाऊंचा फोन आला, काय करू? मी विचारलं, मागच्या वेळी उभे कुठे होता? झाडाखाली, सगळ्यांसोबत, रिकाम्या हाताने. मग आज रिकाम्या हाताने उभं राहू नका, एवढंच म्हणाले.

पुढच्या भेटीत वही पाहिली. त्या तारखेची नोंद अशी होती: 'घाट. ११.२० ते २.१०. चुलतभावाने दोनदा विचारलं. तोंडात: गम, दोन. सोबत: लाकडं मोजणारा माणूस. त्याआधी काय: पावती फाडत होतो, पाऊस आला म्हणून ताडपत्री धरली.'

गमची पुढची पट्टी २ मिलिग्रॅमची दिली आहे. ऑगस्टमध्ये पुन्हा दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, आणि पोळ्याला सासुरवाडी. तिथे मेव्हणा खर्रा खातो.